तिकीट वाफेचे, इंजिन डिझेलचे: एका डोंगरी पर्यटन रेल्वेचे परीक्षण

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही पाच जण भुसावळहून निघून, दोन गाड्या बदलून, एका डोंगरी पर्यटन रेल्वेच्या वाफेच्या फेरीसाठी गेलो होतो. ही रेल्वे कोणती, ते मी लिहिणार नाही, कारण जे घडले ते तिथल्या चार-दोन माणसांच्या माथी मारण्याजोगे नव्हते आणि अशा दुसऱ्या कोणत्याही रेल्वेवर ते तितक्याच सहजपणे घडू शकले असते. आरक्षण दीड महिना आधी केलेले होते. डिझेलच्या फेरीपेक्षा बरेच अधिक भाडे केवळ वाफेच्या इंजिनासाठी मोजलेले होते. सकाळी फलाटावर पोहोचलो तेव्हा डब्यांच्या पुढे डिझेल इंजिन गुरगुरत उभे होते.

तिकीट तपासनिसांनी शांतपणे सांगितले की वाफेचे इंजिन फेल झाले आहे, फेरी डिझेलवर होईल आणि भाड्यातील फरक नियमाप्रमाणे परत मिळेल. इंजिनाला नेमके काय झाले, ते उद्या तरी धावेल का, याचे उत्तर फलाटावर कोणापाशीही नव्हते. सुरतेहून आलेल्या एका कुटुंबाने बराच आवाज चढवला. पुण्याच्या दोन तरुणांनी डिझेलसमोरच छायाचित्रे काढून घेतली. माझा शेंदुर्णीचा भाचा मात्र म्हणाला, "मामा, आपली पीजे डिझेलवर चालायची, पण ती वाफेची आहे असं कुणी आपल्याला कधी सांगितलं तरी नव्हतं." पीजे म्हणजे आमच्याकडची पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी. त्या सकाळी याहून नेमकी तक्रार कोणाला मांडता आली असती असे मला वाटत नाही.

योगायोगाने दुसऱ्या दिवशी इंजिन दुरुस्त झाले आणि ऐनवेळी रिकाम्या राहिलेल्या जागांवर आम्हाला वाफेची फेरीही मिळाली. दोन्ही दिवसांचा अनुभव एकत्र धरला तर या सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. प्रवासाला चार, फलाटावरील माहितीला एक, आणि इंजिन ठेवण्या-दुरुस्तीच्या ज्या शेडमुळे ही गाडी अजून चालते आहे त्या शेडला पाच, असा तो हिशेब आहे. काटेकोर सरासरी काढणाऱ्यांनी मला माफ करावे. पुढे जे लिहिले आहे ते बहुतांशी या शेडविषयी आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन म्हणून लागले आणि पुढे ड्रायव्हर झाले. त्यामुळे वाफेची गाडी म्हटली की माझी नजर डब्यातील गाद्यांआधी राखेच्या खड्ड्याकडे जाते.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही शेडच्या फाटकाशी जाऊन परवानगी मागितली. आप्पांचे आणि भुसावळचे नाव सांगितल्यावर तिथल्या वयस्क मिस्त्रींनी आम्हाला आत नेले. इंजिन थंड होते. समोरचे धूरपेटीचे गोल दार उघडे होते आणि एक माणूस दिवा घेऊन कमरेपर्यंत आत शिरलेला होता. बॉयलरमधून आडव्या जाणाऱ्या नळ्यांपैकी दोन नळ्या आगपेटीच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या कप्प्याच्या, बाजूच्या पत्र्याशी गळू लागल्या होत्या, एवढाच तो बिघाड. या नळ्यांतून आगीचा गरम धूर जातो आणि भोवती पाणी उकळत असते. नळीचे तोंड आतून फुलवून पत्र्याच्या भोकात घट्ट बसवलेले असते आणि तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेऱ्यात ती पकड थोडी थोडी सैल होत जाते. दुरुस्तीचे प्रत्यक्ष काम तासाभराचे असेल. परंतु त्यासाठी आधी आग खाली पाडावी लागते आणि बॉयलर सावकाश निवू द्यावा लागतो, कारण घाई केली तर पत्र्याला भेगा पडतात. मग आत शिरून नळी फुलवायची, पुन्हा पाणी भरायचे, लाकडे आणि तेलाच्या चिंध्या घालून आग धरायची आणि दाब चढेपर्यंत कित्येक तास वाट पाहायची. तासाभराच्या कामासाठी दीड-दोन दिवस जातात ते असे.

डिझेल इंजिन बिघडले तर दुसरे डिझेल इंजिन जोडता येते. वाफेचे बिघडले तर त्याच्या जागी दुसरे वाफेचे लागते, आणि त्या शेडमधील दुसरे इंजिन चाकांवरून उतरवून ठेवलेले होते. त्याची आगपेटी बदलायची होती आणि ती कोण, कुठे आणि केव्हा बनवणार, हे अद्याप ठरत होते. नळ्या फुलवण्याचे काम विश्वासाने करू शकणारी माणसे शेडमध्ये दोनच होती, त्यांपैकी एक म्हणजे आमच्याशी बोलणारे मिस्त्री, आणि ते पुढच्या चैत्रात निवृत्त होणार होते. त्यांच्या हाताखाली एक मुलगा दिला होता, परंतु त्याने डिझेलकडे बदली मागितली आहे, असे त्यांनी सांगितले. त्यात त्यांना राग नव्हता. वाफेच्या कामाने हात काळे होतात आणि बढतीच्या यादीत त्याला वेगळे गुण मिळत नाहीत, हे ते स्वतःच म्हणाले.

वारशाच्या वाफेच्या गाड्या बंद का पडतात, याचे उत्तर मला त्या शेडमध्ये मिळाले असे वाटते. प्रवासी कमी झाले म्हणून त्या बंद पडतात, असा आपला सर्वसाधारण समज आहे. आमच्या गाडीत तर पुढचे दोन आठवडे एकही जागा रिकामी नव्हती. अडचण अशी की तिकीट फेरीचे विकले जाते आणि खर्च मात्र उभ्या दिवसांचा होतो. आठवड्यातून तीन दिवस धावणाऱ्या इंजिनापाशी सातही दिवस माणूस लागतो. राख काढणे, ठरावीक फेऱ्यांनंतर बॉयलरमधील गाळ धुऊन काढणे, ज्याला आमच्याकडे वॉशआउट म्हणत, आगपेटीचे पत्रे जागच्या जागी धरून ठेवणारे शेकडो स्टे-बोल्ट हातोडीने ठोकून आवाजावरून तुटलेला बोल्ट ओळखणे, ही कामे कोणत्याही तिकिटावर छापलेली नसतात. हिशेबाच्या वहीत तो खर्च जास्त दिसतो, म्हणून सर्वांत आधी त्यालाच कात्री लागते. गाडी मात्र त्यानंतर काही वर्षे जुन्या जमेवर धावत राहते आणि म्हणून बंद पडण्याचे खरे कारण आणि बंद पडण्याचा दिवस यांचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

ब्रिटनमध्ये हा हिशेब थोडा उघडपणे मांडला जातो. तिथे साधारणपणे दर दहा वर्षांनी इंजिन पूर्ण खोलून बॉयलर बाहेर काढावा लागतो आणि ती मुदत संपली की इंजिन कितीही सुरळीत चालत असले तरी त्याला विश्रांती घ्यावी लागते. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवली आणि त्यानंतर त्या देशात अशा रेल्वे गावोगाव उभ्या राहिल्या. त्यांतील अनेक रेल्वे स्वयंसेवक आले नाहीत तर उद्या बंद पडतील. वेल्समध्येच लँगॉलेन रेल्वे चालवणाऱ्या कंपनीवर मार्च २०२१ मध्ये रिसीव्हर, म्हणजे देणेकऱ्यांसाठी कंपनीचा ताबा घेणारा अधिकारी, नेमण्याची वेळ आली. महामारीने सर्वांचेच उत्पन्न बुडवले होते, परंतु मोठी दुरुस्ती दहा वर्षांनी येणार हे ठाऊक असूनही त्यासाठी दरवर्षी थोडे बाजूला टाकणे ज्यांना जमत नाही, त्यांना असा एक वाईट हंगामही पुरतो.

दुसऱ्या दिवसाची फेरी या सर्व चिंता विसरायला लावणारी होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. इंजिन सुटताना पहिला फुत्कार झाला आणि आमच्या सौभाग्यवतींच्या पांढऱ्या ओढणीवर काजळीचे ठिपके उमटले, त्याबद्दल त्यांनी पुढे दोन दिवस मला सुनावले. डबे जुने असले तरी स्वच्छ होते, बाके लाकडी होती आणि त्यांवरील गादी दीड तासाला पुरेल इतकीच होती. खिडक्या खाली ओढता येतात. पाणी भरण्याच्या थांब्यावर गाडी पंधरा-वीस मिनिटे थांबते, तिथे चहा चांगला मिळतो, स्वच्छतागृह मात्र एकच आहे आणि त्यासमोर लागलेली रांग पाहता ज्येष्ठांनी निघण्यापूर्वीच सोय पाहून घ्यावी. डब्यातील ध्वनिक्षेपकावरून सबंध वाटेत कोणत्या वळणावर कोणत्या चित्रपटाचे चित्रीकरण झाले, याची माहिती देण्यात आली. ज्या इंजिनासाठी लोकांनी जादा पैसे भरले ते कसे चालते, यावर एक वाक्यही त्यात नव्हते.

थांब्यावर ड्रायव्हरांनी भाच्याला आणि मला आत डोकावू दिले. आगपेटीचे दार उघडले की तोंडावर झळ येते ती वैशाखातल्या भुसावळचीही नसते. माझी नजर मात्र पाण्याच्या काचेकडे गेली. बॉयलरच्या पाठीला लावलेली ही उभी काचनळी आत पाणी किती आहे ते दाखवते आणि लहानपणी सुट्टीत शेडमध्ये गेलो की आप्पा सर्वप्रथम तीच दाखवत. "पह्यले पानी पाय, मंग आगीले हात लाव," हे त्यांचे वाक्य नवीन फायरमनांसाठी असे, आम्हा मुलांना ते फुकटात ऐकायला मिळे. आगपेटीचे छत सतत पाण्याखाली असले पाहिजे. पाणी त्याखाली गेले तर काही मिनिटांत ते पोलाद मऊ पडते आणि बॉयलरचा सारा दाब त्यातून खाली आगपेटीत फुटतो.

हे केवळ पुस्तकी भय नव्हे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग येथे १६ जून १९९५ रोजी एका पर्यटक गाडीच्या इंजिनाचे छत असेच खाली आले आणि इंजिनावरील तिघे जण भाजले. चौकशीत आढळले की बॉयलरमधील पाणी धोक्याइतके कमी झाले होते आणि पाण्याच्या काचेकडे जाणाऱ्या वाटा क्षाराच्या थराने अरुंद झालेल्या होत्या. म्हणजे काच दाखवत होती ते खरे नव्हते आणि ते खरे नाही हे ओळखण्याइतके शिक्षण व देखभाल त्या ठिकाणी उरलेली नव्हती. हे प्राण घेणारे ठरले नाही याचे कारणही चौकशीत नोंदले गेले: त्या इंजिनाच्या छतातील काही बोल्टांची रचना अशी होती की छत एकदम न फाटता टप्प्याटप्प्याने सुटले. ज्यांनी ते इंजिन कित्येक दशकांपूर्वी बांधले त्यांची दूरदृष्टी, ते चालवणाऱ्यांच्या कामी आली. पुढे २००० साली त्या देशात वाफेच्या इंजिनांचे नियम नव्याने लिहिले गेले. १४७२ दिवसांची सेवा किंवा १५ वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासणे बंधनकारक झाले. लहान रेल्वेंना हा खर्च जड गेला आणि अनेक इंजिने मुदत संपल्यावर पुन्हा पेटलीच नाहीत. तरीही हा नियम गाड्यांच्या मुळावर आला असे मी म्हणणार नाही. भुसावळात वॉशआउटचा दिवस कोणी चुकवला असता तर शेड फोरमनने त्याचे काय केले असते, हे मी ऐकून आहे.

आमच्या इंजिनातील कोळसा मला पसंत पडला नाही. निम्मा चुराच होता. मोठे ढेकूळ फायरमन हातोडीने फोडून घेत होते आणि थांब्यावर जाळीतून काढलेल्या क्लिंकरचा, म्हणजे वितळून गोठलेल्या राखेच्या खड्यांचा, ढीग पाहता राखेचे प्रमाण भरपूर असावे. आपल्याकडच्या कोळशात राख मुळातच जास्त असते. पूर्वी रेल्वे स्वतःच कोळशाची सर्वांत मोठी ग्राहक होती, तेव्हा चांगला वाफेचा कोळसा निवडून तिच्यासाठी बाजूला काढला जाई. आता वीज केंद्रांना भुकटी चालते आणि एका छोट्या शेडला वर्षाकाठी लागणारे थोडेसे चांगले ढेकूळ देण्यात कोणत्याही खाणीला रस नसतो. माझ्या लहानपणी भुसावळच्या शेडबाहेर टाकलेल्या राखेतून बायका अर्धवट जळलेला कोळसा वेचून नेत आणि त्यावर वस्तीतील शेगड्या पेटत. त्या ढिगात आजच्या या कोळशापेक्षा बरा माल असे, असे मी बोलून गेलो आणि फायरमन हसले.

ब्रिटनमध्ये तर असा कोळसा देणारी मोठी खाणच राहिली नाही. तिथल्या वारसा रेल्वे वेल्समधील कोळशावर चालत. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचा कोळसा बंद झाला आणि दर भडकले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, मर्थर टिडफिलजवळची फॉस-इ-फ्रान ही मोठी उघडी खाण बंद झाली. आता तिथे काही रेल्वे परदेशातून कोळसा मागवतात, काही जण कोळशाचा चुरा दाबून बनवलेल्या अंडाकृती गोळ्या जाळून पाहतात आणि काहींनी हंगामातील वाफेच्या फेऱ्याच कमी केल्या आहेत. इंजिन तयार, माणसे तयार, प्रवासी रांगेत, आणि चूल थंड, असा हा प्रकार आहे.

परतीच्या चढावर कोरड्या गवतातून गाडी जात असताना मागील डब्यातील एक कर्मचारी सतत बाहेर वाकून पाहत होता, तो ठिणगी पाहत होता हे मला नंतर कळले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डुरँगो ते सिल्व्हर्टन ही एक प्रसिद्ध अरुंदमापी रेल्वे आहे. जून २०१८ मध्ये तिच्या मार्गालगत लागलेल्या वणव्याने सुमारे ५४,००० एकर रान जाळले. कोळशाच्या इंजिनातील ठिणगीनेच तो लागला, असा दावा करून केंद्र सरकारने कंपनीवर खटला भरला आणि २०२२ मध्ये २ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कंपनीने त्यानंतर आपली इंजिने तेलावर चालणारी करून घेण्यास सुरुवात केली. ऑस्ट्रेलियातील लिथगोजवळची झिगझॅग रेल्वे याच्या उलट, वणव्याने होरपळलेली आहे. परवान्याच्या अटी पूर्ण करण्यासाठी तिने २०१२ मध्ये गाड्या थांबवल्या, २०१३ च्या आगीत डबे आणि साहित्य जळाले, २०१९ च्या डिसेंबरात पुन्हा आग आली, आणि स्वयंसेवकांनी ती मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली. अकरा वर्षे गाडी नसतानाही माणसे टिकून राहिली होती, म्हणून ती सुरू झाली.

मार्ग वाहून गेला तर इंजिनाचा प्रश्नच उरत नाही, आणि डोंगरी रेल्वेंना हा धोका सर्वांत मोठा. दार्जिलिंगची रेल्वे १८८१ ची, १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. तरीही २०१० मध्ये पागलाझोरा येथे दरड कोसळल्यावर न्यू जलपायगुडीपासून दार्जिलिंगपर्यंतचा सलग मार्ग २०१५ पर्यंत तुटलेलाच राहिला. माथेरानची गाडी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिथे वाफ जाऊन डिझेल येऊन अनेक वर्षे झाली, परंतु २००५ च्या पावसाने मार्ग उखडला तो २००७ मध्ये पूर्ववत झाला, आणि २०१९ च्या पावसानंतर नेरळ ते माथेरान ही सलग गाडी ऑक्टोबर २०२२ पर्यंत धावली नाही. दक्षिण आफ्रिकेतील औटेनिक्वा चू-चू या समुद्रकाठच्या वाफेच्या गाडीचा जॉर्ज ते नाइस्ना हा १९२८ चा मार्ग २००६ मधील पुराने व दरडींनी बंद झाला. मग ती दुसऱ्या मार्गावर वळवली गेली आणि २०१० मध्ये तिथेही थांबली. अशा ठिकाणी दुरुस्तीचा अंदाज आला की प्रशासन उत्पन्नाचा आकडा विचारते, आणि वर्षभरातील सगळ्या तिकिटांची बेरीज एका कोसळलेल्या भिंतीच्या खर्चाएवढीही होत नाही. खरे तर रस्ता वाहून गेला म्हणून त्याच्याकडे असा आकडा कोणी मागत नाही.

दरवाजासारख्या गोष्टीनेही गाडी थांबते. स्कॉटलंडमधील जॅकोबाइट ही वाफेची गाडी जगभर ओळखली जाते. तिचे जुने डबे प्रवाशाने हाताने उघडायच्या दारांचे आहेत. सर्व दारे एकाच वेळी कुलूपबंद करणारी यंत्रणा बसवावी, असा सुरक्षा नियामकाचा आग्रह होता, त्याविरुद्ध कंपनी न्यायालयात गेली, डिसेंबर २०२३ मध्ये हरली, आणि २०२४ च्या हंगामाच्या आरंभी गाडी काही काळ बंद राहिली. नियामकाचे म्हणणे मला पटते. आमच्या डब्याचे दारही एका साध्या कडीवर होते आणि वळणावर भाच्याचा हात धरण्याचे काम मलाच करावे लागले.

आता आपल्याकडच्या गोष्टीकडे येतो, कारण परतल्यापासून मला जामनेर-पाचोऱ्याकडील तीन जणांनी एकच प्रश्न विचारला आहे: पीजे अशीच पर्यटनासाठी ठेवता आली नसती का? पाचोरा ते जामनेर हा ५६ किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग शंभर वर्षे चालला. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर या गावांचे बाजार आणि शाळा-महाविद्यालये त्यावर चालली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गाडी थांबली ती पुन्हा त्या रुळांवर आली नाही, आणि आता मार्ग ब्रॉडगेज करून पुढे वाढवण्याचे काम हाती घेतलेले आहे. माझे उत्तर अनेकांना आवडलेले नाही. जामनेरच्या शेतकऱ्याला कापूस आणि केळी थेट बाहेर पाठवता येणारा रुंद मार्ग हवा असेल तर तो त्याचा हक्क आहे. तरीही पाचोऱ्याकडचे आठ-दहा किलोमीटर रूळ आणि एक शेड राखून ठेवता आले असते, असे मी अवश्य म्हणेन. मात्र शेड राखायची म्हणजे तिथे फुलवलेली नळी तपासू शकणारा माणूसही राखायचा, आणि तो माणूस वाफेबरोबर आपण तीन-चार दशकांपूर्वीच घालवला होता. २०२० मध्ये डिझेलची गाडी थांबली. वाफेची गाडी पर्यटनासाठी ठेवण्याची संधी मात्र शेवटचा बॉयलर मिस्त्री निवृत्त झाला त्या दिवशीच गेली होती.

भुसावळची गोष्ट याहून मोठी आणि अधिक बोचरी आहे. नागपूरकडे जाणारा आणि खंडव्याकडे जाणारा, असे दोन मार्ग जिथे फुटतात तिथे वाफेच्या काळात इंजिन बदलले जाई, पाणी भरले जाई, आग साफ होई, आणि गावातील निम्मी घरे त्या कामावर चालत. देशात ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित सेवा ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर-फिरोजपूर मार्गावर संपली. चित्तरंजनच्या कारखान्याने शेवटचे ब्रॉडगेज वाफेचे इंजिन १९७० मध्येच बांधून त्याला 'अंतिम सितारा' असे नाव दिले होते. म्हणजे पंचवीस वर्षे आधी सूचना मिळालेली होती. त्या पंचवीस वर्षांत भुसावळात एक इंजिन, एक खड्डा, एक पाण्याचा खांब आणि दहा माणसांचे हात जपून ठेवणे कठीण नव्हते. हरियाणात रेवाडीला ते केले गेले: १८९३ ची जुनी शेड दुरुस्त करून तिथे चालू स्थितीतील वाफेची इंजिने ठेवली आहेत. १८५५ मध्ये बांधलेले 'फेअरी क्वीन' हे इंजिनही मधल्या काळात २०११ मध्ये सुटे भाग चोरीस गेल्याने निकामी झाले होते, ते पेरांबूरच्या कारखान्यात दुरुस्त होऊन २०१७ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन धावले, कारण पेरांबूरला ते उघडू शकणारी माणसे होती. नीलगिरीच्या दातेरी मार्गासाठी तर तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने या शतकात नवी वाफेची इंजिने बांधली. निलगिरीचा चढ बारास एक आहे आणि तो मार्ग पावसाळ्यात दरडींनी अनेकदा बंद होतो, तरी दरवेळी गाडी परत येते. ज्याच्या मागे कारखाना आहे, त्या गाडीला पाऊस फार काळ थांबवू शकत नाही.

आपल्या शेजारच्या बिलीमोरा-वघई मार्गाचेही काहीसे असेच आहे. गायकवाडी काळातील हा ६३ किलोमीटरचा अरुंदमापी मार्ग तोट्यातील मार्गांच्या यादीत जाऊन बंद होणार होता. लोकांनी मागणी लावून धरली आणि २०२१ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. ती डिझेलची आहे आणि तसे सांगूनच ती चालते, म्हणून नवापूर-नंदुरबारकडील वाचकांना ती मी निःशंकपणे सुचवेन. त्याउलट एकता नगर ते अहमदाबाद या मार्गावर २०२३ पासून एक वारसा गाडी धावते, तिचे पुढचे तोंड वाफेच्या इंजिनासारखे आहे आणि आत विजेची मोटर आहे. गाडी आरामशीर असेल, तिच्याशी माझे भांडण नाही. रेल्वेने डोंगरी व वारसा मार्गांसाठी हायड्रोजनवर चालणाऱ्या ३५ गाड्यांचा विचारही मांडला आहे, ज्यात एका गाडीचा अंदाजे खर्च ८० कोटी रुपये धरलेला आहे. त्या आकड्याचा छोटासा अंश घेऊन दहा तरुणांना बॉयलरचे काम शिकवता येईल का, एवढाच प्रश्न मनात येतो. वारशाच्या नावाने आपण इंजिनाचा आकार जपतो आणि ते पेटवणारा हात सोडून देतो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. वाफेच्या फेरीचे आरक्षण करताना मुक्कामात एक दिवस मोकळा ठेवावा, कारण इंजिन एक दिवस विश्रांतीला गेले तर दुसऱ्या दिवशी परत येण्याची शक्यता बरीच असते. पावसाळा संपल्यानंतर एखादा महिना जाऊ द्यावा. पांढरे कपडे घालू नयेत. पुढच्या डब्यात बसल्यास आवाज आणि काजळी दोन्ही जास्त, मागच्या डब्यातून वळणावर इंजिन चांगले दिसते. खिडकीतून फार बाहेर झुकू नये, डोळ्यांत कोळशाचा कण गेला की पुढचा अर्धा तास निसर्गशोभा संपते. शेड पाहायची असेल तर दुपारी दोन ते चारच्या दरम्यान फाटकाशी जाऊन विनंती करावी. सकाळी ती माणसे कामात असतात आणि त्यांना त्रास देणे बरे नव्हे.

आम्ही निघालो त्या संध्याकाळी मिस्त्रींना भेटून आलो. जळगावहून बांधून नेलेले भरीत शिळे होण्याच्या आत संपवले होते, त्यामुळे त्यांना देण्यासाठी केळीच्या वेफर्सचा पुडाच काय तो उरला होता. त्यांनी भाच्याच्या हातात फुलवण्याचे अवजार दिले आणि एका टाकाऊ नळीवर ते फिरवून दाखवले. भाच्याचा पहिला प्रयत्न वाकडा गेला, दुसरा बरा जमला, तेव्हा मिस्त्री म्हणाले की हा मुलगा आठ दिवस राहिला तर शिकेल. पहिल्या दिवसाच्या भाड्यातील फरकाची रक्कम हे लिहीपर्यंत खात्यात आलेली नाही.